दुसऱ्या दिवशीचे पाय

कार्तिकी एकादशी झाली की मी आणि माझी नणंद ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमेला निघणार आहोत. चातुर्मास संपल्याशिवाय परिक्रमा उचलायची नसते. त्यामुळे सरावाला उरतो तो हा आश्विन. पाऊस ओसरलेला, भात कापणीला आलेलं आणि सकाळी नऊलाच डोकं तापवणारं ऊन.

अडीच हजार किलोमीटरांहून जास्त चालायचं आहे. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही. फक्त समुद्राशी, विमलेश्वरहून मिठी तलाईला नावेनं पलीकडे जायचं. रोजचे वीस-बावीस किलोमीटर धरले तर चार-पाच महिने. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी हा विचार मनात आला तेव्हा मी पहिल्यांदा गावातल्या एका काकांकडे गेले. त्यांनी पायी परिक्रमा पुरी केली आहे. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, "काका, परवा एका दिवसात सतरा किलोमीटर चालले." ते म्हणाले, "ते राहू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी किती चाललीस?"

दुसऱ्या दिवशी मी दुपारपर्यंत पलंगावरून उठले नव्हते.

काकांच्या त्या एका प्रश्नानं आमचा सगळा सराव बदलला. आधी आम्ही दर रविवारी एखादा डोंगर गाठायचो आणि मग सहा दिवस पाय चोळत बसायचो. सहा दिवसांत पाय बरे व्हायचे, पण परिक्रमेत असे सहा दिवस मिळणार नाहीत. तिथे काल दुखलेल्या पायांनीच आज उठायचं असतं. म्हणून आता शनिवारी डोंगर आणि रविवारी पहाटे सपाट रस्ता, अशी जोडी ठरवली आहे.

मुंबईतल्या आमच्या माहुलहून डोंगर तसा लांबच. गावाच्या मागे तुर्भ्याचा डोंगर उभा आहे, पण तो अणुसंशोधन केंद्राच्या हद्दीत, तिथे आपल्याला वाट नाही. मग बस पकडून कुर्ला, कुर्ल्याहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी, आसनगावला उतरून माहुली. माहुलच्या माणसांनी माहुलीला जायचं, हे नावाचं साम्य मला फार आवडतं. सुमारे २८०० फूट उंचीचा हा गड, पळसगड, माहुली आणि भंडारगड असा तीन भागांत विभागलेला. सोंडेवरची वाट कारवीच्या रानातून दम काढत वर नेते, शेवटी लोखंडी शिडी लागते. आश्विनात गवत कमरेएवढं असतं, कातळाच्या कडेला सोनकी शिल्लक असते, आणि गडावरच्या टाक्यांत पाणी भरपूर.

दम चढताना लागतो हे खरं, पण पाय मोडतात ते उतरताना. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा सगळा भार पेलत असतो. त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोरात येतो. एक मात्र चांगलं आहे. असा एक उतार नीट पचवला की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तेवढ्याच उताराला पुष्कळ कमी दुखतात. शरीर लक्षात ठेवतं. म्हणून पावसानंतर मोकळ्या झालेल्या मुरमावरून, घसाऱ्यावरून आम्ही मुद्दाम सावकाश, लहान पावलं टाकत उतरतो. उतरण्याआधी पायाच्या अंगठ्याची नखं कापलेली हवीत. हे मला एक काळं पडलेलं नख शिकवून गेलं.

महादरवाजाजवळच्या देवड्यांत आम्ही शिदोरी सोडतो. १६७० च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांच्या फौजेचा हल्ला या गडावर फसला होता. मोठी हानी झाली. त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला. त्या दगडांवर बसून भाकरी खाताना पुन्हा चढून आलेल्या त्या माणसांची आठवण येतेच.

गेल्या शनिवारी तिथून पुढे कड्यापर्यंत गेलो तर खाली तानसा तलाव पसरलेला. नणंद बराच वेळ काही बोलली नाही. तिचं घर पूर्वी तानसा जलवाहिनीच्या कडेला होतं. ती वस्ती हटवली तेव्हा ते पाडलं गेलं आणि तिथल्या अनेकांसारखी तीही माहुलच्या इमारतींत आली. थोड्या वेळानं म्हणाली, "वहिनी, हेच पाणी आमच्या भिंतीपलीकडून जायचं. रात्री कान लावला की आवाज यायचा." १८९२ पासून हा तलाव मुंबईला पाणी देतो आहे. त्या नळाशेजारी तिचं आयुष्य गेलं आणि तलाव तिनं पाहिला तो पन्नाशीत. परिक्रमेच्या वाटेवरही पाण्यापायी असंच घडलं. शूलपाणीच्या झाडीतली जुनी पायवाट सरदार सरोवरात बुडाली. नंदुरबारच्या डोंगरातली गावंही त्या पाण्याखाली गेली. ते ऐकल्यापासून तिला तिकडच्या माणसांना भेटायचं आहे. ती परिक्रमेला का येते आहे, ते मला त्या कड्यावर कळलं.

रविवारचा सराव अगदी वेगळा. पहाटे पाचला पाठीवर पाच-सहा किलो घेऊन माहुलहून चेंबूर नाका, सायन, दादर, भायखळा करत सीएसएमटी. वीसएक किलोमीटर, सगळं डांबर आणि काँक्रीट. परिक्रमेचा बराचसा मार्ग आता डांबरी आहे, आणि कडक रस्त्यावर दुखतो तो तळवा, टाच, गुडघा. डोंगरावर दर पाऊल वेगळं पडतं, रस्त्यावर एकच पाऊल हजारो वेळा तसंच पडतं. फोड येतात ते इथेच. मोजे दर दोन तासांनी बदलायचे, तळवा कोरडा करायचा आणि जिथे चुरचुरतं तिथे फोड येण्याची वाट न पाहता चिकटपट्टी लावायची. ओझ्याची फारशी काळजी नाही. वाटेत आश्रम आहेत, सदाव्रत मिळतं. आसन, दोन कपडे, कमंडलू एवढंच पुरतं. काही परिक्रमावासी तर अनवाणी चालतात.

लेखक गो. नी. दांडेकर डोंगर आणि लांबची वाट, हे दोन्ही जाणत होते. गड वेड्यासारखे हिंडले आणि नर्मदेकाठीही चालले. 'कुणा एकाची भ्रमणगाथा' त्या वाटेवरची आहे. मराठी माणसाच्या चालण्यात गड आणि नदी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असं मला त्यांच्यामुळे वाटू लागलं.

आता एक मनापासून सांगायचं आहे. आम्ही रोजचा सराव माहुलमध्ये करू शकत नाही. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, रस्त्याला टँकरांची रांग. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्येच इथल्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं नोंदवलं. पाऊस गेला की वारा पडतो आणि हवा अधिकच जड होते. भरभर चालणारा माणूस बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत घेतो. म्हणून शनिवारची आसनगावची गाडी ही आमच्यासाठी हौस नाही. इथल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना स्वच्छ हवेत पाय मोकळे करायला गावाजवळ एक तरी जागा मिळाली पाहिजे. खाडीकाठी कांदळवन आहे, लवकरच फ्लेमिंगो येतील. त्यांच्याकडे बघत माणसानंही चालावं.

परिक्रमेला जायचं नसलं तरी चालेल. कार्तिकी एकादशीपर्यंत दर शनिवारी आम्ही माहुलीला जातो आहोत. यायचं असेल तर सोबत तीन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर, भाकरी आणि डोक्याला पांढरं फडकं आणा. आणि निघण्याआधी एवढं कबूल करा की रविवारी पहाटे पाचला पुन्हा रस्त्यावर याल.