मुलींच्या वसतिगृहातील रात्रबंदीबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू व वसतिगृह व्यवस्थापन समिती

महोदय,

मुलींच्या वसतिगृहाचे गेट रात्री साडेआठला बंद होते. मुलांच्या वसतिगृहाला वेळेचे बंधन नाही. शुल्क मात्र दोघांना सारखेच आहे. या विषयावर तोंडी आश्वासने पुष्कळ मिळाली, पण आमच्या एकाही अर्जाला लेखी उत्तर आलेले नाही. म्हणून निवासी विद्यार्थिनींची संघटना पुढील मागण्या सादर करीत आहे.

१. नियम एकच असावा. सुरक्षेचे कारण पुढे करून वसतिगृहात विद्यार्थिनींवर भेदभावाचे नियम लादू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधक विनियम, २०१५ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. समितीला वेळमर्यादा आवश्यकच वाटत असेल, तर ती रात्री ११ च्या आधीची नसावी आणि मुलांच्या वसतिगृहालाही लागू करावी.

२. अभ्यासिका रात्री १२ पर्यंत उघडी असते. आम्हाला आठ वाजताच उठावे लागते. अभ्यासिकेत किंवा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थिनींना ती बंद झाल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत वसतिगृहात परतण्याची मुभा द्यावी.

३. उशीर झालेल्या मुलीला गेटबाहेर थांबवून घरी फोन केला जातो. रक्षणासाठी केलेला नियमच तिला रात्री रस्त्यावर उभी करतो. प्रवेश कोणत्याही वेळी द्यावा, वहीत नोंद घ्यावी. दंड आकारू नये.

४. अठरा वर्षे पूर्ण झालेली विद्यार्थिनी कायद्याने सज्ञान आहे. ती मतदानही करते. तिच्याकडून दर वेळी पालकांची परवानगी मागू नये. अठरा वर्षांखालील विद्यार्थिनींसाठी सत्रारंभी एकदाच पालकांचे संमतिपत्र घ्यावे.

५. सुरक्षेची जबाबदारी संस्थेने उचलावी. रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीने कामावर ठेवता येते, पण तिच्या सुरक्षिततेची आणि घरापर्यंतच्या वाहनाची सोय मालकाने करायची, अशी तरतूद महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात आहे. दुकानमालकाकडून जी अपेक्षा आहे, त्यापेक्षा विद्यापीठाकडून कमी कशी असेल? गेट ते बसथांबा या रस्त्यावर दिवे लावावेत, रात्रपाळीत महिला सुरक्षारक्षक नेमावी आणि अंतर्गत तक्रार समितीचे संपर्क क्रमांक गेटवर लावावेत.

यांपैकी पहिल्या चार मागण्यांना केवळ परिपत्रक पुरेसे आहे. पाचवीसाठी दिव्यांचा खर्च आणि सुरक्षारक्षकांच्या पाळ्यांची फेरआखणी लागेल. समितीला शंका असल्यास एक सत्र प्रायोगिक अंमलबजावणी करावी. आढाव्यात दोन निर्वाचित विद्यार्थिनी प्रतिनिधी असाव्यात, आणि आढावा नोंदींच्या आधारे व्हावा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत प्रत्येक मागणीवर स्वतंत्र लेखी निर्णय कळवावा. एखादी मागणी अमान्य असल्यास कारण नमूद करावे. मुदतीत निर्णय न आल्यास हेच पत्र विद्यापीठ अनुदान आयोग व राज्य महिला आयोगाकडे पाठवले जाईल.

निवासी विद्यार्थिनींच्या वतीने,
अध्यक्ष व सचिव