दूरसंचार नियमन आणि जागृत समाज

मतदान केले की नागरिकाचे कर्तव्य संपले, असा समज आपल्या मध्यमवर्गात खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात दैनंदिन जीवनाला स्पर्श करणारे कितीतरी निर्णय आज विधिमंडळात नव्हे, तर नियामक संस्थांच्या कार्यालयांत घडतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ‘ट्राय’ ही अशीच एक संस्था. १९९७ च्या ‘ट्राय’ कायद्याचे कलम ११(४) तिच्यावर पारदर्शकतेचे बंधन घालते. त्यानुसार महत्त्वाच्या विषयावर प्रथम सल्लामसलत पत्र निघते, लेखी मते मागविली जातात, त्यांवरील प्रतिवाद स्वीकारले जातात आणि खुल्या चर्चेनंतर निर्णय होतो. हे दार कोणाही नागरिकास खुले आहे. प्रश्न आहे तो त्या दारातून आत कोण जाते, हा.

या दाराचे सामर्थ्य देशाने एकदा अनुभवले आहे. मार्च २०१५ मध्ये ‘ट्राय’ने इंटरनेटवरील सेवांच्या नियमनाविषयी ११८ पानांचे पत्र काढले. इंटरनेट सर्वांना समान असावे, की कंपन्यांना त्यात आपपरभाव करण्याची मुभा असावी, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. दहा लाखांहून अधिक नागरिकांनी त्यावर आपले मत कळविले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दरभेदावर दुसरे पत्र निघाले. तेव्हा फेसबुकने आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेसाठी जंगी प्रचारमोहीम उघडली. गरिबाला फुकट इंटरनेट, असे तिचे गोंडस रूप होते. परंतु त्या इंटरनेटवर काय दिसावे, याच्या अटी सातासमुद्रापलीकडील एक कंपनी ठरविणार होती. व्यापाराच्या मिषाने आलेल्यांचा अनुभव या देशाला नवा नाही.

कंपनीच्या मोहिमेतून एकाच साच्यातील लाखो पत्रे ‘ट्राय’कडे गेली. मात्र विचारलेल्या चार प्रश्नांचे उत्तर त्यांत नव्हते आणि ही त्रुटी ‘ट्राय’ने कंपनीला स्पष्ट शब्दांत दाखवून दिली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दरभेदास बंदी घालणारा नियम जाहीर झाला. त्यावर फेसबुकच्या संचालक मंडळावरील मार्क अँड्रीसन यांनी भारताच्या वसाहतवादविरोधी मनोवृत्तीलाच दोष दिला. गदारोळ उठताच त्यांना ते विधान मागे घेऊन क्षमा मागावी लागली. या प्रकरणाचा बोध एवढाच, की नियामकापुढे डोकी मोजली जात नाहीत. युक्तिवाद तोलला जातो.

याची दुसरी बाजूही तितकीच उद्बोधक आहे. संभाषण मध्येच तुटल्यास ग्राहकास एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये भरपाई द्यावी, असा नियम ‘ट्राय’ने २०१५ मध्ये केला. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. कंपन्यांच्या आक्षेपांना सकारण उत्तर न देता केलेला हा नियम मनमानी व अपारदर्शक आहे, असे न्यायालयाने म्हटले. हेतू ग्राहकहिताचा असूनही प्रक्रियेतील उणिवेमुळे ग्राहकाच्या हाती काही उरले नाही. नियम करण्यापूर्वी जनतेची मते मागवून त्यांचा विचार करण्याची पद्धत सर्वच खात्यांना लागू करणारा कायदा संसदेने करावा, असेही न्यायालयाने त्या निकालात सुचविले. या सूचनेचा पाठपुरावा राष्ट्रहिताचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने केला पाहिजे.

तथापि, सर्वांत मोठा अडसर भाषेचा आहे. सल्लामसलतीची मूळ पत्रे प्रामुख्याने इंग्रजीत, तीही तांत्रिक परिभाषेने बोजड झालेली असतात आणि उत्तरासाठी काही आठवड्यांचीच मुदत असते. साहजिकच कंपन्यांचे वकील आणि महानगरांतील तज्ज्ञ यांचाच आवाज उमटतो. ज्याच्यासाठी ब्रॉडबँड न्यायचे, तो गडचिरोलीचा वा नंदुरबारचा ग्रामस्थ या चर्चेत कोठे असतो? देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. आज ती ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित स्वरूपासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेगालाही ब्रॉडबँड म्हटले जाई. जानेवारी २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट झाली. कागदावरील ही प्रगती स्वागतार्हच आहे. पण ग्रामपंचायतीत पोहोचलेली तार चालू आहे की बंद, शाळेला व आरोग्य केंद्राला तिचा उपयोग होतो की नाही, हे दिल्लीतील कार्यालयापेक्षा गावच अधिक नेमकेपणाने सांगू शकते.

म्हणूनच सल्लामसलतीचा सारांश मराठीसह सर्व प्रमुख भारतीय भाषांत प्रसिद्ध झाला पाहिजे आणि त्या भाषांतील उत्तरांना समान मान मिळाला पाहिजे. स्वभाषेचा अभिमान भाषणापुरता ठेवायचा नसेल, तर ही मागणी लावून धरणे क्रमप्राप्त आहे. परंतु शासनाकडे बोट दाखवून समाजाची जबाबदारी संपत नाही. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य उभे केले, तेव्हा संघटित ग्राहक ही कल्पनाच नवी होती. त्याच मार्गाने आज तालुक्यातालुक्यांत चार-पाच जाणत्या कार्यकर्त्यांचा गट उभा राहू शकतो. त्यांनी पत्र वाचावे, गावागावांतून नोंदी जमवाव्यात आणि मुदतीच्या आत विचारलेल्या प्रश्नाचे साधार उत्तर पाठवावे. या कामात घोषणा नाहीत, सत्कार नाहीत. पण राष्ट्रउभारणी अशाच निरलस कामांतून होत असते. कायद्याने खुले केलेले दार समाजाने वापरले नाही, तर त्यातून केवळ कंपन्यांचीच ये-जा सुरू राहील.