‘सुव्लाकी’वरचे आरोप आणि त्यातली गाणी

१९९३ साली ब्रिटनमधल्या ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकात एका नव्या अल्बमचं जे परीक्षण छापून आलं, त्याने आजतागायत त्या अल्बमची पाठ सोडलेली नाही. अल्बम होता रेडिंगच्या स्लोडाइव्ह या बँडचा ‘सुव्लाकी’. परीक्षणकर्त्याने त्याला आत्मा नसलेली पोकळी ठरवलं. हा अल्बम पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात गुदमरून मेलेलं परवडलं, असंही तो लिहून गेला. त्याआधी १९९१मध्ये मॅनिक स्ट्रीट प्रीचर्सच्या रिची एडवर्ड्‌सने आपल्या बँडला हिटलरपेक्षाही स्लोडाइव्हचा जास्त तिटकारा असल्याचं जाहीर करून टाकलं होतं. ‘सुव्लाकी’ ब्रिटिश विक्री-यादीत ५१व्या क्रमांकापर्यंत पोचला आणि तिथून खाली घसरला.

आज चित्र पार उलटं आहे. २०१६ साली ‘पिचफर्क’ने शूगेझ या गिटारच्या घुमाऱ्यावर उभ्या असलेल्या संगीतप्रकारातले ५० सर्वोत्तम अल्बम निवडले, त्यात ‘सुव्लाकी’ दुसरा आला. त्याच्या वर होता फक्त माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’. तरीही हा वाद मिटला असं म्हणता येत नाही. तेव्हा शिव्या घालणाऱ्यांच्या कानांवरून जे निसटलं, ते आज गोडवे गाणाऱ्यांच्याही कानांवरून निसटतं. दोघांनाही इथे धुकंच दिसतं. एकाला त्याचा वैताग येतो, दुसऱ्याला ते हवंहवंसं वाटतं, एवढाच काय तो फरक. प्रत्यक्षात ‘सुव्लाकी’ हा नीट बांधलेल्या दहा गाण्यांचा अल्बम आहे. त्याची स्वप्नाळू ध्वनिरचना हा त्या गाण्यांचा अर्थ सांगण्याचा मार्ग आहे. प्रस्तुत लेख हे सिद्ध करू पाहतो, आणि त्यासाठी आधी पूर्वपक्षाला त्याचं पुरेपूर माप द्यायला हवं.

आरोप मुख्यतः तीन होते. पहिला असा, की इथे गाणी नाहीत, नुसता नाद आहे. गिटारच्या घुमाऱ्यात चाल आणि शब्द बुडवले, की रचनेचा कच्चेपणा आयताच झाकला जातो. दुसरा असा, की थेम्स खोऱ्यातल्या सुखवस्तू घरांतल्या या पोरांना भोवतालाशी काही देणंघेणं नाही. तिसरा, यांचा जमाना संपला.

हे आरोप करणारे केवळ खवचट नव्हते. एप्रिल १९९२मध्ये हुजूर पक्ष सलग चौथ्यांदा निवडून आला होता. सप्टेंबरात पौंड कोसळला आणि ब्रिटनला युरोपीय विनिमयदर यंत्रणेतून बाहेर पडावं लागलं. देश मंदीत होता आणि अमेरिकेतून निर्व्हानाचा कर्कश, रोकडा संताप येऊन थडकला होता. अशा काळात गाण्यातून रस्ता दिसावा, वर्गभेद दिसावा, राग आणि टवाळी ऐकू यावी, ही समीक्षकाची अपेक्षा रास्तच. ती पुरी करणारेही लगेच मिळाले. मार्च १९९३मध्ये स्वेडचा पहिला अल्बम आला आणि त्याच वर्षी त्याला मर्क्युरी पुरस्कार मिळाला. एप्रिलच्या ‘सिलेक्ट’ मासिकाने मुखपृष्ठावर युनियन जॅकसमोर स्वेडच्या ब्रेट अँडरसनला उभं केलं. मेमध्ये ब्लरचा ‘मॉडर्न लाइफ इज रबिश’ आला. या रांगेत ‘सुव्लाकी’ कुठेच बसत नव्हता.

तिसरा आरोप सगळ्यांत लवकर निकालात निघतो, म्हणून आधी तोच घेऊ. स्लोडाइव्हच्या पहिल्या ईपीला १९९० साली ‘आठवड्याचं सिंगल’ म्हणून डोक्यावर घेतलं ते याच ‘मेलडी मेकर’ने. राइड, लश, चॅप्टरहाऊस, स्लोडाइव्ह हे बँड एकमेकांशी स्पर्धा करण्याऐवजी एकमेकांच्या कार्यक्रमांना हजेरी लावतात, हे पाहून ‘स्वतःचाच उत्सव साजरा करणारी मंडळी’ असं त्यांचं बारसंही याच साप्ताहिकाने केलं. साप्ताहिकांना सतत नवी लाट लागते. लाट उभी करणाऱ्यांनीच ती ओसरल्याचं जाहीर करावं, यात नवल नाही. पण लाट ओसरली हे लाटेबद्दलचं विधान झालं, त्या लाटेतल्या एखाद्या अल्बमबद्दलचं नव्हे. १९९३च्या परीक्षणांत एक आख्खा गट निकालात काढला गेला आणि ‘सुव्लाकी’ हाती लागला म्हणून त्याच्यावर काठी चालली.

दुसरा आरोप जरा वजनदार आहे. तरीही तो दुटप्पी आहे. ज्या ब्लरचं पुढे ब्रिटिश जीवनाचा भाष्यकार म्हणून कौतुक झालं, त्याचे ग्रॅहम कॉक्सन आणि अ‍ॅलेक्स जेम्स लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजचे विद्यार्थी होते. तिथे सुखवस्तूपणा आड आला नाही. राहिला भोवतालाचा प्रश्न. मंदीतल्या देशातही माणसांची नाती जुळतात आणि तुटतात, आणि बावीस वर्षांच्या माणसाला त्या तुटण्याची भाषा हवी असते. राजकीय गाण्याची गरज मान्य करूनही खाजगी दुःखाचं गाणं खालच्या पायरीवर बसवायचं काही कारण नाही. कोणत्या विषयावर लिहिलं यावरून कृतीचा दर्जा ठरवायचा, तर समीक्षकाची गरजच उरत नाही.

आता पहिला आरोप. खरी लढाई इथेच आहे.

शब्द नीट ऐकू येत नाहीत ही तक्रार घ्या. कॉक्टो ट्विन्सची एलिझाबेथ फ्रेझर काय गाते ते अनेकदा कुणालाच कळत नव्हतं, तरी त्यांच्या ‘हेवन ऑर लास व्हेगस’चं १९९० साली जोरात स्वागत झालं. ‘लव्हलेस’मध्ये आवाज गिटारच्या तळाशी गाडलेले आहेत, आणि १९९१मध्ये त्याच प्रेसने त्याला वाखाणलं. म्हणजे अस्पष्ट शब्द हा दोष तत्त्व म्हणून धरलेलाच नव्हता. मराठी श्रोत्याला तर तो मुळातच पटू नये. विलंबित ख्यालात बंदिशीचे शब्द आलापात विरघळून जातात आणि तरीही बंदिश बंदिशच राहते. गायक शब्दाला स्वराइतकंच, कधी त्याहून कमी वजन देतो, म्हणून रचना कच्ची आहे असं कोणी जाणकार म्हणत नाही.

आणि रचना खरोखर कच्ची आहे का, हे ऐकून ठरवता येतं. ‘व्हेन द सन हिट्स’ घ्या. सुरुवातीला गिटारचे सुटे सुटे स्वर, खाली निक चॅपलिनचा बास, आणि त्यावर नील हॅल्स्टेडचा जवळजवळ बोलल्यासारखा आवाज. कडव्यात मुद्दाम जागा मोकळी ठेवलेली आहे. मग ध्रुवपद येतं आणि तिन्ही गिटार एकदम कोसळतात. आवाज होता तिथेच राहतो, भोवतीचं सगळं वाढतं. पुढच्या कडव्यात पुन्हा ओहोटी. दुसऱ्यांदा भरती येते तेव्हा ती कधी येणार हे श्रोत्याला ठाऊक असतं आणि तो तिची वाट पाहत असतो. कडवं आणि ध्रुवपद यांतला ताण इतका नेमका तोलणं हे गीतकाराचं काम आहे. ते गिटारच्या पेडलच्या हाती सोपवता येत नाही.

पेडल काय करतात तेही पाहायला हवं. रिव्हर्ब आणि डिले यांमुळे वाजवलेला स्वर लगेच विझत नाही. पुढचा स्वर लागतो तो मागच्याच्या उरलेल्या शेपटावर. एक कॉर्ड संपून दुसरी सुरू होते ती रेघ पुसली जाते आणि आधीचं काही काळ नव्यात रेंगाळत राहतं. संपून गेलेलं पण सुटत नसलेलं नातं गाण्यात आणायचं, तर याहून नेमकं साधन कोणतं सापडलं असतं? ज्या घुमाऱ्याला त्या प्रेसने झाकण म्हटलं, तो इथे आशय आहे.

घुमारा काढला तर गाणी उरतात का, याचा पुरावा पुढच्या काळाने दिला. फेब्रुवारी १९९५मध्ये ‘पिग्मॅलियन’ आल्यानंतर लगोलग क्रिएशन कंपनीने स्लोडाइव्हला डच्चू दिला. हॅल्स्टेड आणि बँडमधली गायिका रेचल गॉस्वेल यांनी मोजाव्ह ३ हा बँड काढला आणि त्याच वर्षी ४एडी कंपनीकडून ‘आस्क मी टुमॉरो’ प्रसिद्ध केला. त्यात गिटारच्या भिंती नाहीत. अकूस्टिक गिटार, संथ ताल आणि समोर उघडे ठेवलेले दोघांचे आवाज, एवढंच. गाणी तरीही उभी राहतात. लपवण्यासारखं काही असतं, तर ते तेव्हाच उघडं पडलं असतं.

विरोधकांचं इथवर झालं. पण आजचे चाहतेही उत्तर देणं लागतात. त्यांचा आवडता युक्तिवाद म्हणजे काळाने न्याय केला. २०१४ साली बार्सेलोनाच्या प्रिमाव्हेरा साउंडमध्ये पुन्हा एकत्र आलेल्या स्लोडाइव्हचं जल्लोषात स्वागत झालं, आणि २०२३चा ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ तर ब्रिटिश यादीत सहाव्या क्रमांकावर गेला. आनंदाची गोष्ट आहे. पण ५१वा क्रमांक ‘सुव्लाकी’ वाईट असल्याचा पुरावा नव्हता, तर सहावा क्रमांक तो चांगला असल्याचा पुरावा कसा होईल? त्याहून घातक आहे ती झोपेसाठी, पावसासाठी, अभ्यासासाठी अशी आजची शिफारस. ‘सुव्लाकी स्पेस स्टेशन’मध्ये बास पुढे येतो, प्रतिध्वनी मागून आदळत राहतात, जमैकन डबचे संस्कार उघड ऐकू येतात. हे गाणं पार्श्वसंगीत म्हणून लावणाऱ्याने ते ऐकलेलंच नसतं. निंदकाने अल्बमला पोकळी म्हटलं आणि या चाहत्याने त्याची उशी केली. अल्बम दोघांच्याही हाती लागला नाही.

मग त्यात आहे काय? हॅल्स्टेड आणि गॉस्वेल रेडिंगमधले बालपणापासूनचे मित्र. त्यांचं प्रेम जुळलं आणि संपलंही, पण बँड एकच राहिला. अल्बमसाठी आधी केलेली गाणी क्रिएशनच्या अ‍ॅलन मॅगीने धुडकावून लावली होती. हॅल्स्टेड सोबत्यांना सोडून वेल्समधल्या एका कॉटेजमध्ये काही दिवस एकटा जाऊन राहिला आणि ‘४० डेज’ व ‘डॅगर’ घेऊन परतला. संगीतकार-निर्माता ब्रायन ईनोला निर्मितीसाठी विचारलं, तर त्याने निर्मिती नाकारून सहकार्य देऊ केलं. ‘सिंग’ हे गाणं त्याच्यासोबत रचलं गेलं आणि ‘हिअर शी कम्स’मध्ये त्याने कीबोर्ड वाजवला. स्टुडिओत शिरताच ईनोने भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि ध्वनिमिश्रणाच्या टेबलापाशी ठेवलं. तू गिटार वाजव, मी मुद्रित करतो, कसं वाजतंय याची पर्वा नको, असं त्याने हॅल्स्टेडला सांगितलं. ही आठवण खुद्द हॅल्स्टेडची. वेळेची शिस्त आणि वादनाची मोकळीक या दोन्हींची जोड अल्बमभर जाणवते.

सगळ्यांत महत्त्वाचा आहे गाण्यांचा क्रम. ‘अ‍ॅलिसन’पासून श्रोता दाट ध्वनीच्या आत शिरतो. ‘मशीन गन’मध्ये गॉस्वेलचा आवाज पुढे येतो. दुरावलेली दोन माणसं एकाच अल्बमवर, एकमेकांच्या सुरांना सूर देत गात राहतात आणि घुमाऱ्यात त्यांचे आवाज वेगळे काढता येत नाहीत. मग दहावं गाणं येतं, ‘डॅगर’. भिंत नाही, भरती नाही. गिटार आणि आवाज एवढंच, आणि गाणारा दोष स्वतःच्या माथी घेतो. जवळपास चाळीस मिनिटं जे आवरण अंगावर होतं, ते बँडने स्वतःच्या हाताने काढून ठेवलेलं आहे. आधीच्या नऊ गाण्यांतली दाटी नसती, तर हे शेवटचं उघडेपण एवढं जिव्हारी लागलं नसतं. सजावटीच्या नादात वाहवलेला बँड असा शेवट करत नाही.

म्हणून १९९३च्या ब्रिटिश संगीताचा इतिहास लिहिताना स्वेड आणि ब्लर यांच्यासोबत ‘सुव्लाकी’लाही स्वतःचं प्रकरण मिळायला हवं. त्यात पोकळीचा आणि लापशीचा उल्लेख अवश्य यावा, समीक्षेच्या इतिहासाचा भाग म्हणून. पण आधी यावं ‘व्हेन द सन हिट्स’च्या ध्रुवपदाचं, ‘सुव्लाकी स्पेस स्टेशन’च्या बासचं आणि ‘डॅगर’ शेवटी का ठेवलं त्याचं विवेचन. त्या वर्षी ते कुणीतरी करायला हवं होतं, आणि अजूनही ते फार थोड्यांनी केलेलं आहे.