चिकू उचला, त्याचा नंबर कशाला?

डहाणूहून बोर्डीला निघालात की वाटेत नरपड लागतं. आजूबाजूला चिकूच्या वाड्या. 2016मध्ये जीआय मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू तो हाच. फळं उतरवली की प्रतवारी होते. फळ हातात घ्यायचं, बघायचं, मोठं इकडे, बारीक तिकडे. ढीग संपेपर्यंत हेच. ‘शून्य नंबरचा चिकू द्या, आता एक नंबरचा द्या’ असं तिथे कुणी म्हणत नाही.

आता पायथॉन शिकताय ना? मग प्रॅक्टिकलचं जर्नल उघडा. ‘फॉर आय इन रेंज(लेन(ढीग))’ आणि आत ‘ढीग[आय]’, बरोबर? म्हणजे आधी फळं मोजली, मग आकडे तयार केले, मग त्या आकड्यावरून पुन्हा फळ शोधलं. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? पायथॉनमध्ये ‘फॉर फळ इन ढीग’ एवढंच पुरतं.

ही सवय येते सी आणि सी प्लस प्लसमधून. आपल्यापैकी बरेच जण आधी तेच शिकतात. तिथे आकड्यांचा लूप चुकीचा नाहीच. पण भाषा बदलली तरी ढंग तोच राहिला, तर इंग्रजीत जुळवलेलं वाक्य मराठीत बोलल्यासारखं होतं. कळतं, पण खटकतं.

‘आउटपुट येतंय ना, मग काय प्रॉब्लेम?’ हे वाक्य मला अजिबात पटत नाही. कारण आउटपुट नेहमी खरं बोलत नाही.

समजा, ढिगातली किडकी फळं काढायची आहेत. लूप चालू असतानाच तुम्ही त्याच लिस्टवर ‘रिमूव्ह’ चालवलंत. एक फळ निघालं की मागची सगळी एक घर पुढे सरकतात, पायथॉन मात्र पुढच्या घराकडे निघून गेलेला असतो. दोन किडकी फळं शेजारी असतील, तर दुसरं तपासलंच जात नाही. ते चांगल्यांत जाऊन बसतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. सरांना दाखवताना किडकी फळं लांब लांब असतील, तर सगळं झकास चालतं! म्हणून जुन्या ढिगाला हात लावू नका, चांगल्या फळांची नवी लिस्ट करा: ‘[फळ फॉर फळ इन ढीग इफ नॉट किडकं(फळ)]’. वाडीतही चांगली फळं वेगळ्या पाटीतच जातात की.

(मात्र एका ओळीत तीन अटी आणि दोन लूप कोंबून भाव खाऊ नका. वाचणाऱ्याला धाप लागते.)

पेटीवर नंबर टाकायचाच आहे? मग ‘एन्युमरेट(पेट्या, स्टार्ट=1)’ वापरा. 2008पासून ही सोय आहे, तरी आपण वेगळा काउंटर ठेवतो आणि त्यात एक मिळवायला विसरतो.

शेतकऱ्यांची नावं एका लिस्टमध्ये, वजनं दुसरीत असतील, तर ‘झिप’ दोघांची जोडी लावतं. पण जपून. नावं दहा आणि वजनं नऊ असतील, तर झिप नवव्या जोडीवर गुपचूप थांबतं. दहाव्या शेतकऱ्याचा हिशेबच गायब! पायथॉन 3.10मध्ये, म्हणजे 2021 साली, यावर ‘स्ट्रिक्ट=ट्रू’ आलं. ते लिहिलं की लांबी जुळली नाही तर प्रोग्राम तिथेच ओरडतो. पैशांचा मामला असेल तिथे ते हवंच.

आकड्यांचा लूप कधीच नको, असं नाही. आजच्या भावाची कालच्या भावाशी तुलना करायची असेल, तर तो चालून जातो.

सर-मॅडमना मात्र एक सुचवायचंय. व्हायव्हात आउटपुट बघून झालं की विचारा, ‘हा लूप मराठीत वाचून दाखव.’ ‘ढिगातलं प्रत्येक फळ घे, किडकं नसेल तर पाटीत टाक’ हे कुणीही पटकन म्हणेल. ‘आय’वाल्यांना जरा वेळ लागेल.