‘बे’चा ‘साहेब’ होताना
अकोल्याच्या कुठल्याही कचेरीत बरोबरीच्या माणसाला बढती मिळाली, की पहिला बदल बोलण्यात होतो. कालचं ‘चाल ना बे, चहा घेऊ’ आज ‘साहेब, चहा सांगू?’ होतं. अमरावतीचे भूषण गवई १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश झाले, तेव्हा खुर्ची बदलली. खंडपीठातलं मत मात्र एकच राहिलं, शेजारच्या न्यायमूर्तींच्या मताइतक्याच वजनाचं. वाढला तो कोणतं प्रकरण कोणापुढे जाईल हे ठरवण्याचा अधिकार. नव्या साहेबानं एवढंच ध्यानात ठेवावं: कामाची वाटणी हाती आली, शहाणपण कालच्याएवढंच आहे. आणि टपरीवर गप्प झालेल्या जुन्या दोस्ताला आपणच विचारावं, ‘काहून बे, बोलून नाही राहिला?’