दुकानाचे सॉफ्टवेअर करून घेताना कोणती पद्धत बरी?

गंजगोलाईच्या आसपासच्या दुकानांत आता खातेवहीच्या जोडीला संगणकही आला आहे. कोणी बाजारातील तयार सॉफ्टवेअर घेतो, कोणी आपल्या धंद्याप्रमाणे नवे करून घेतो. करून घेणाऱ्याने रक्कम ठरविण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा : काम कोणत्या पद्धतीने करणार?

प्रचलित पद्धती मुख्यतः तीन आहेत. पहिली 'वॉटरफॉल', म्हणजे धबधबा. आधी सर्व गरजा लिहून घ्यायच्या, मग आराखडा, मग प्रोग्राम आणि शेवटी चाचणी. मागे फिरायचे नाही. विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याने १९७० साली अशी मांडणी केली, पण चाचणी अगदी शेवटी ठेवणे धोक्याचे आहे, असे त्याच लेखात बजावले. दुसरी 'स्पायरल'. बॅरी बोहम यांच्या या पद्धतीत जिथे नुकसानीचा संभव जास्त, तो भाग आधी नमुना करून तपासतात. तिसरी 'अजाइल'. तिचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा येथे १७ जाणकारांनी लिहिला. दोन-चार आठवड्यांत छोटा पण चालणारा भाग द्यायचा, ग्राहकाने तो वापरून दुरुस्ती सांगायची, मग पुढचा भाग.

आपल्या कारीगरांना हे नवे नाही. एका पद्धतीत शेरवानी पूर्ण होऊनच हाती येते, दुसरीत कच्ची शिलाई घालून ट्रायल होते.

फरक किती पडतो, हे जीएसटीने दाखविले. १ जुलै २०१७ रोजी कर सुरू झाला. त्याची संगणक व्यवस्था १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने उभारली. मूळ योजनेत दर महिन्याला तीन विवरणपत्रे होती आणि विक्रेत्याचे व खरेदीदाराचे बिल संगणकावर जुळवायचे होते. कागदावर योजना उत्तम होती, पण देशभरचा व्यापारी एकदम तिच्यावर आला आणि ती पेलली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये दुसरे व तिसरे विवरणपत्र थांबवावे लागले आणि तात्पुरते म्हणून आणलेले '३-बी'च कायम राहिले.

पुढे ई-इनव्हॉइस आणताना पायऱ्या केल्या. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवरील उलाढालीला, मग १००, ५०, २० आणि १० कोटींवरील उलाढालीला, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरील उलाढालीला ते लागू झाले. त्यामुळे मोठ्यांकडे निघालेल्या चुका लहानांपर्यंत येण्याआधी सुधारता आल्या.

मग अजाइलच सरस का? अगदी तसे नाही. तिला शेवट नसतो. मालक दर आठवड्याला नवी मागणी करतो आणि बिल फुगत जाते. शिवाय हिशेबाचा पाया रोज बदलून चालत नाही. म्हणून माझे मत असे की पाया पहिल्या पद्धतीने आणि बाकीचे काम तिसऱ्या पद्धतीने करून घ्यावे.

व्यापारी बंधूंनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, बिल, उधारी, साठा आणि कर यांचे नियम आधी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. दोन, कराचा दर दुकानदाराला स्वतः बदलता यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेडिमेड कपड्यांवर नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर झाला. त्याआधी ही मर्यादा १,००० रुपयांची होती आणि वरचा दर १२ टक्के होता. अशा बदलासाठी दर वेळी प्रोग्रामरची वाट पाहणे परवडत नाही. तीन, पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. जो भाग दुकानात चालला त्याचेच द्यावेत. चार, सर्व नोंदींची प्रत आपल्याजवळ राहावी, म्हणजे प्रोग्रामर बदलला तरी उधारीचा हिशेब अडकत नाही.

शिंपी व भरतकाम करणाऱ्यांनी तर एवढ्यावरच सुरुवात करावी : किती मीटर कापड दिले, किती नग आले, मजुरी किती राहिली. महिनाभर हे वहीशी पडताळून पाहावे. जुळले तर पुढचा टप्पा सांगावा. न जुळल्यास तिथेच थांबावे. आणि नवे सॉफ्टवेअर ईदच्या किंवा लगीनसराईच्या हंगामात कधीही सुरू करू नये.