कॉन्व्हेंटची पाटी

परवा सकाळी वडखळ नाक्यावर अलिबागच्या एसटीची वाट बघत उभा होतो. पंधरा-वीस मिनिटांत शाळांच्या सहा-सात पिवळ्या गाड्या गेल्या. त्यातल्या तिघींवर तरी ‘कॉन्व्हेंट’ असं लिहिलेलं होतं. तेवढ्यात नागोठण्याहून मनीचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, चिनूला पहिलीला कॉन्व्हेंटात घालू का? झेडपीची शाळा पाच मिनिटांवर आहे, पण सगळे म्हणतात..." एसटी आली म्हणून "बघू गं" म्हणून सुटलो. आज सविस्तर उत्तर लिहितोय. ती वाचेलच. वाचून चिडेलही!

आधी त्या शब्दाचं बघू. कॉन्व्हेंट म्हणजे धर्मभगिनींचा मठ. त्या शाळा चालवायच्या म्हणून शाळेलाही तेच नाव पडलं. आता मात्र जिथे सिस्टर कधी फिरकलीही नाही अशा इमारतीवरसुद्धा ही पाटी लागते. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ उरलाय तो एवढाच... इंग्रजी, टाय आणि फी.

माझा मुलगा सिस्टरांच्याच शाळेत शिकला. शाळेचं नाव लिहीत नाही. अगदी छोटी कॅथलिक प्राथमिक शाळा, एका इयत्तेचा एकच वर्ग. चांगलं आधी सांगतो. मूल दोन दिवस आलं नाही की तिसऱ्या दिवशी घरी निरोप. वह्या खरोखर तपासलेल्या. चुकलेल्या गणितावर नुसती फुली नाही, शेजारी ते सोडवून दाखवलेलं. संडास स्वच्छ. कंपनीतल्या साहेबाचा मुलगा आणि रिक्षावाल्याची मुलगी एकाच बाकावर. आमच्या आईला धास्ती होती की पोराला बाटवतील. त्याने घरी आणली ती फक्त जेवणाआधी हात जोडायची सवय. आईला ती इतकी आवडली की तिने घरातल्या सगळ्यांना लावली!

आता दुसरी बाजू. तो दुसरीत होता. पावसाळ्याचे दिवस, ओटीवर बसून इंग्रजीचा धडा घडाघडा वाचत होता. शेतकरी ‘पॅडी’ पेरतो, असं काहीतरी होतं. मी सहज विचारलं, "पॅडी म्हणजे काय रे?" तो गप्प. घरामागे आमच्याच शेतात गुडघाभर भात उभा होता! वाचता सगळं येत होतं, कळत काहीच नव्हतं.

तणतणत शाळेत गेलो. सिस्टर केरळच्या, पण मराठी छान बोलायच्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मी वर्गात मराठीतून समजावलं की पालक तक्रार घेऊन येतात. मागच्या वर्षी तुम्हीही आला होतात."

खरं होतं. आलो होतो. "फी इंग्रजीची भरतोय, मग वर्गात मराठी कशाला?" हे माझेच शब्द.

त्या दिवसापासून माझं मत असं झालंय की तिथे शिकवणाऱ्यांत खोट नव्हती. समजावून सांगायची सोयच आम्ही पालकांनी त्यांच्याकडून काढून घेतली, आणि वर दर्जा नाही म्हणून ओरडायला आम्हीच पुढे.

बरं, कॅथलिक म्हणजे इंग्रजी हे समीकरण तरी कुठून आलं? वडखळहून अलिबागमार्गे रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई. तिथल्या कॅथलिक घरांत आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली बोलतात, पण शाळेची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी. वसईत तर चर्चच्या मराठी शाळांत पिढ्या घडल्या. 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे अशाच, नंदाखालच्या मराठी शाळेत शिकलेले. आणि इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं 1616 साली, मराठीत. धर्म सांगायला आलेल्यांनी आधी आपली भाषा शिकून घेतली. आपल्याला मात्र ती वर्गाबाहेर घालवायची घाई! 2020 च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा, असंच म्हटलंय.

आणखी एक गोष्ट, मने. या शाळा अल्पसंख्याकांच्या. 2009 चा शिक्षण हक्क कायदा अशा शाळांना लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं. म्हणजे गरिबांसाठीच्या 25 टक्के जागांची सक्ती तिथे नाही. वाडीवरच्या कातकरी पोराला आत घ्यायचं की नाही, ते सिस्टरांच्या मनावर. 1 सप्टेंबर 2025 ला दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका घेतली आणि या शाळांतल्या शिक्षकांना टीईटी लागू आहे का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवायला सांगितलं. तेव्हा पाटीवर विसंबू नकोस. शिकवणाऱ्या बाई काय शिकल्यात, वर्गात मुलं किती, हे तूच विचार. विचारायला लाजायचं काय त्यात?

आणि दोन्ही शाळांत जा. हो, झेडपीतही. 2005 पासून ‘असर’वाले गावोगाव जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. तू तेच कर. तिसरीतल्या एखाद्या मुलाला न शिकवलेलं पान दे, आणि मग म्हण, "काय लिहिलंय ते तुझ्या भाषेत सांग." ही दुसरी पायरी विसरू नकोस, मी तीच विसरलो होतो. जिथली मुलं सांगतील तिथे चिनूला घाल. सिस्टरांकडे सांगितलं तर सिस्टरांकडे. झेडपीत सांगितलं तर रोज पाच मिनिटं चाल, तब्येतीलाही बरं.

आणि सिस्टरांकडे घातलंस तर एवढं कर. बाई मराठीतून समजावत असतील तर तक्रार घेऊन जाऊ नकोस. आपल्या घरातून ती एकदा जाऊन आली आहे. तेवढी पुरे.